‘सगळा आनंदी आनंद आहे!’ हे संगणकाला कसं कळणार?

“अपडेट टाकल्यापासून बॅटरीचा सगळा आनंदी आनंद आहे. कंपनीचं मनःपूर्वक अभिनंदन!”

ही कमेंट लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला फोड करून सांगायला नको. फोन धड अर्धा दिवसही टिकत नसणार आणि गडी चांगलाच वैतागलेला आहे. आता हेच वाक्य शब्द मोजणाऱ्या एखाद्या साध्या प्रोग्रॅमकडे द्या. ‘आनंदी’, ‘आनंद’, ‘मनःपूर्वक’, ‘अभिनंदन’ असे चार गोड शब्द सापडतात, कडू एकही नाही. निकाल येतो: ग्राहक अतिशय खूश.

सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस म्हणजे लोकांच्या लिहिण्यातून त्यांचा सूर ओळखणं. या कामातली निम्मी गंमत आणि जवळजवळ सगळी डोकेदुखी वरच्या दोन वाक्यांत आहे. यंत्राला जे जमत नाही ते तुम्ही चुटकीसरशी केलंत, मग हे काम माणसांनाच का देत नाहीत? एक साधा हिशोब करू. एक कमेंट वाचून तिचा सूर ठरवायला दहा सेकंद धरा. एक लाख कमेंटना दहा लाख सेकंद, म्हणजे सुमारे २७८ तास. रोज आठ तास न कंटाळता वाचणाऱ्या माणसाला हे पुरतील ३५ दिवस. तोवर बॅटरीची बोंब विरून गेलेली असते आणि लोक दुसऱ्याच कशावर तरी चिडलेले असतात.

ग्राहकांचं मन जाणून घ्यायचा जुना मार्ग म्हणजे प्रश्नावली. तिची अडचण अशी की तुम्ही विचाराल तेवढंच उत्तर मिळतं. कॅमेऱ्याबद्दल पाच प्रश्न विचारले आणि बॅटरीबद्दल एकही नाही, तर बॅटरीचं दुखणं कागदावर येतच नाही. सोशल मीडियावर माणूस न विचारता बोलतो, आणि जिथे दुखतं तिथलंच बोलतो. कंपन्यांना या बडबडीचा मोह पडतो तो यासाठी.

ढीग उपसायचा कसा

‘बिग डेटा’ हा शब्द आता इतका घासला गेलाय की कुणी एक्सेलची मोठी फाइल उघडली तरी वापरतो. डग लेनी या विश्लेषकाने २००१ मध्ये डेटाच्या वाढत्या पसाऱ्याचं वर्णन तीन गोष्टींनी केलं होतं: आकारमान, वेग आणि वैविध्य. सोशल मीडियाला तिन्ही चपखल लागू पडतात. मजकूर प्रचंड असतो, तो थांबत नाही, आणि त्यात वाक्यं, फोटो, व्हिडिओ, इमोजी, हॅशटॅग अशी सगळी सरमिसळ असते.

एवढा माल एका संगणकात मावत नाही, म्हणून तो अनेकांत वाटतात. एक हजार यंत्रांना एकेक गठ्ठा द्यायचा, प्रत्येकाने आपल्या गठ्ठ्यापुरतं मोजायचं, शेवटी सगळ्यांच्या बेरजा एकत्र करायच्या. गुगलने २००४ मध्ये ही पद्धत ‘मॅपरिड्यूस’ या नावाने मांडली आणि तिच्यावरून पुढे ‘हडूप’ हे सर्वांसाठी खुलं सॉफ्टवेअर आलं. (हडूप हे नाव ते बनवणाऱ्या डग कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं. तंत्रज्ञानातली नावं वाचून घाबरू नका, ती बरेचदा अशीच पडलेली असतात.) मजकूर एकदम लोंढ्यासारखा आला तर यंत्रणा गुदमरू नये म्हणून त्याला रांगेत उभं करणारी ‘काफ्का’सारखी साधनं वेगळी. सामान्य वाचकाने याहून खोलात शिरायची गरज नाही. साठवण आणि वेग हे प्रश्न आज बऱ्यापैकी सुटलेले आहेत. अडतं ते पुढे.

आधी साफसफाई. ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारा, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एकच मजकूर हजार वेळा शेअर झाला, तर ती हजार मतं धरायची की एक? जाहिराती काढायच्या, बॉट म्हणजे आपोआप चालणारी खाती ओळखायची. ‘अ‍ॅमेझॉन’ म्हटल्यावर कंपनी की नदी, हे ठरवायचं. शिवाय एक फसवी सवय असते. इंग्रजी मजकुरातून ‘द’, ‘इज’, ‘ऑफ’ यांसारखे बिनकामाचे शब्द गाळायला तयार याद्या मिळतात. त्यातल्या काही लोकप्रिय याद्यांमध्ये ‘नॉट’ हा शब्दही असतो. यादी डोळे झाकून वापरली की ‘नॉट गुड’चं ‘गुड’ होतं आणि तक्रारीची शाबासकी झालेली कुणाला कळतही नाही.

सूर ओळखायला शिकवणं

सगळ्यात जुनी आणि अजूनही वापरात असलेली युक्ती म्हणजे शब्दांची यादी. प्रत्येक शब्दाला गुण द्यायचे आणि वाक्यातल्या गुणांची बेरीज करायची. डेन्मार्कचे संशोधक फिन ओरूप नील्सन यांच्या ‘अ‍ॅफिन’ यादीत इंग्रजी शब्दांना उणे ५ ते अधिक ५ असे गुण आहेत. २०१४ मध्ये आलेली ‘व्हेडर’ ही पद्धत आणखी थोडी चलाख आहे. कॅपिटल अक्षरांत ओरडून लिहिलेला शब्द, उद्गारचिन्हं, ‘बट’नंतर सूर पालटणं हे सगळं ती हिशोबात धरते.

पण यादी करायची कुणी? २००२ मध्ये बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी एक फार बोलका प्रयोग केला. चित्रपट चांगला आहे की वाईट हे परीक्षणावरून ओळखण्यासाठी कोणते शब्द उपयोगी पडतील, याच्या याद्या त्यांनी दोन विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या. त्या याद्यांवर विसंबून निकाल बरोबर आले ५८ आणि ६४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात, हे लक्षात घ्या. मग त्यांनी संगणकाला आधीच ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ अशी विभागलेली परीक्षणं दिली आणि खुणा त्यालाच शोधायला लावल्या. अचूकता सुमारे ८३ टक्क्यांवर गेली. मजकुराची मोजदाद करून पाहिल्यावर कळलं की इंग्रजीतला ‘स्टिल’ हा निरुपद्रवी शब्द स्तुतीकडे झुकतो आणि प्रश्नचिन्ह टीकेकडे. कुठल्या माणसाने यादीत प्रश्नचिन्ह टाकलं असतं? आपण भाषा बोलतो खरी, पण ती कशी बोलतो हे आपल्याला नीटसं ठाऊक नसतं.

त्याच वर्षी पीटर टर्नी यांनी वेगळा मार्ग काढला. एखादा वाक्प्रयोग ‘एक्सलंट’ या शब्दाच्या आसपास जास्त दिसतो की ‘पुअर’च्या, हे त्यांनी अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनवर मोजलं आणि त्यावरून परीक्षणांचा सूर ठरवला. गाड्यांच्या बाबतीत ८४ टक्के निकाल बरोबर आले, चित्रपटांच्या बाबतीत फक्त ६६. कारण सोपं आहे. चित्रपटातला खलनायक क्रूर आहे, कपटी आहे, असं लिहिणारा माणूस चित्रपटावर खूश असू शकतो. गाडीचा ब्रेक वाईट आहे असं लिहिणारा मात्र गाडीवर खूश नसतोच. एका विषयावर शिकलेलं यंत्र दुसऱ्या विषयावर तोंडघशी पडतं, ते असं.

यंत्राला शिकवायचं तर उदाहरणं हवीत, आणि उदाहरणांवर लेबलं लावायला माणसं हवीत. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी यावर पळवाट शोधली. ज्या ट्वीटमध्ये हसऱ्या चेहऱ्याची खूण आहे ते सकारात्मक धरायचं, रडक्या चेहऱ्याची असेल तर नकारात्मक. मग ती खूण पुसून उरलेला मजकूर यंत्राला शिकायला द्यायचा. एकही माणूस न बसवता १६ लाख ट्वीट लेबलांसकट तयार! युक्ती झकास आहे, पण हसरा चेहरा टाकणारा दर वेळी हसत असतो का, हा प्रश्न तिला विचारायचा नाही.

२०१८ मध्ये गुगलने ‘बर्ट’ हे भाषा शिकलेलं मॉडेल आणलं आणि चित्र बरंच पालटलं. अशी मॉडेल्स शब्दाला सुटं पाहत नाहीत, आजूबाजूच्या सगळ्या शब्दांसह पाहतात. ‘फोन हलका आहे’ आणि ‘दर्जा हलका आहे’ यांतला ‘हलका’ त्यांच्या लेखी दोन निराळ्या जागी बसतो. आजची मोठी भाषा-मॉडेल्स याच वळणावरची. उपरोधही ती आधीच्या पद्धतींपेक्षा कितीतरी बरा पकडतात, विशेषतः त्या माणसाने आधी काय लिहिलं होतं तेही दाखवलं तर.

पण नुसता सूर कळून भागत नाही. “कॅमेरा अप्रतिम, स्क्रीन झकास, पण बॅटरीने रडवलं.” या वाक्याला एकच गुण द्यायचा तर काय द्याल? दोन अधिक, एक उणे, म्हणजे एकंदर बरं? बॅटरी बनवणाऱ्या विभागाला या सरासरीचा काडीचा उपयोग नाही. म्हणून आता वाक्याची फोड करून कशाबद्दल काय म्हटलंय हे वेगवेगळं नोंदवतात: कॅमेरा अधिक, स्क्रीन अधिक, बॅटरी उणे. माझ्या मते या क्षेत्रातली खरी उपयोगी गोष्ट हीच. ‘लोकांचं आमच्यावर प्रेम आहे’ हे सांगणारा एकच मोठा आकडा मीटिंगमध्ये शोभतो, पण त्यावरून कुणी काही दुरुस्त केल्याचं सहसा ऐकिवात येत नाही.

मराठीचे हिसके

इंग्रजीत नकार आधी येतो. म्हणून पँग आणि सहकाऱ्यांनी सोपा नियम वापरला होता: नकार दिसला की पुढच्या विरामचिन्हापर्यंतच्या सगळ्या शब्दांवर ‘उलटा’ अशी खूण करायची. मराठीत हा नियम लावा आणि गंमत बघा. “आवडला नाही, परत घेईन असं वाटत नाही.” आपला नकार शेपटाला असतो. नियम उलट्या दिशेने चालवावा लागतो. आणि तो चालवायला घेतला की ‘चालेना’, ‘लागेना’, ‘उघडेना’ हजर होतात. इथे नकार सुटा शब्दच नाही, क्रियापदाच्या पोटात बसलाय. बरं, शेवटी ‘ना’ दिसला की नकार समजावा, तर “छान आहे ना!” म्हणणारा समोर उभा.

‘चांगलं’ हा शब्द तर बेभरवशाचा. ‘चांगला फोन’ ही स्तुती, पण ‘चांगलाच मनस्ताप’ आणि ‘चांगलंच फसवलं’ यांत तो फक्त तीव्रता दाखवतो. एका ‘च’ने सगळं फिरतं. ‘भारी फोन’ घेतलेला माणूस खूश असतो, ज्याला फोन ‘भारी पडला’ तो नसतो. ‘वाईट नाही’ ही आपल्याकडे बऱ्यापैकी दाद आहे. आणि ‘दिवे लावले’, ‘उजेड पाडला’ हे शब्दशः वाचणाऱ्याला सगळीकडे प्रकाशच प्रकाश दिसेल.

शिवाय प्रत्यय. बॅटरी, बॅटरीचा, बॅटरीने, बॅटरीमुळे, बॅटरीवर ही सगळी एकाच बॅटरीची रूपं आहेत, हे यंत्राला कळलं नाही तर बॅटरीच्या तक्रारी पाच ठिकाणी विखुरतात आणि कुठल्याच ढिगात लक्ष वेधण्याइतक्या दिसत नाहीत. त्यात आपण निम्मं रोमन लिपीत लिहितो, ज्याला जसं सुचेल त्या स्पेलिंगने, आणि मधूनच हिंदी-इंग्रजीत उडी मारतो. तयार उदाहरणंही कमी. एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये मराठी ट्वीटचा लेबल लावलेला संच प्रसिद्ध केला, तो सुमारे १६ हजारांचा. इंग्रजीतल्या त्या १६ लाखांची लेबलं यंत्राने चिकटवलेली आणि ही माणसांनी लावलेली, हा फरक आहेच. तरी अंतर डोळ्यांत भरतं.

माणसांचं तरी एकमत होतं का? “ठीक आहे, चालून जाईल” ही कमेंट दोघांना द्या. एक म्हणेल सकारात्मक, दुसरा म्हणेल तटस्थ, आणि दोघेही आपल्या जागी बरोबर. म्हणून लेबलं लावणाऱ्यांतलं एकमत मोजायचीही पद्धत आहे. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कापा’ हा आकडा योगायोगाने जुळलेली उत्तरं वजा करतो. दोघांची उत्तरं १०० पैकी ८० वेळा जुळली, पण त्यातली ५० नुसत्या योगायोगानेही जुळली असती, तर उरलेल्या ५० पैकी ३० च खऱ्या एकमताची, कापा ०.६. जिथे माणसंच इतकी भांडतात तिथे ‘आमचं सॉफ्टवेअर ९८ टक्के अचूक’ असं कुणी सांगितलं, तर कोणत्या मजकुरावर आणि कुणाच्या लेबलांवर, एवढं जरूर विचारा.

आकडा हातात आल्यावर

इथे थोडं गणित, पण ते टाळू नका. समजा एक लाख कमेंटपैकी खऱ्या तक्रारी ५ हजार आहेत. यंत्र तसं हुशार आहे: तक्रार असेल तर १०० पैकी ९० वेळा ओळखतं, आणि तक्रार नसेल तर १०० पैकी फक्त १० वेळा चुकून तक्रार समजतं. मग ते किती तक्रारी दाखवेल? ५ हजारांपैकी ४,५०० खऱ्या. उरलेल्या ९५ हजारांपैकी ९,५०० खोट्या. एकूण १४ हजार. म्हणजे निकाल दाखवणाऱ्या पडद्यावर, डॅशबोर्डवर, लाल रंगात दिसणाऱ्या तीन तक्रारींपैकी जेमतेम एक खरी.

पुढच्या आठवड्यात खऱ्या तक्रारी दुप्पट झाल्या, १० हजार. यंत्र आता ९ हजार खऱ्या आणि ९० हजारांतल्या ९ हजार खोट्या दाखवतं, एकूण १८ हजार. वास्तव दुपटीने बिघडलं आणि आलेख मात्र २९ टक्क्यांनीच वर सरकला. म्हणून जाणते लोक ‘१४ टक्के ग्राहक नाराज’ असं बोलत नाहीत. ते एवढंच म्हणतात की रेघ वर सरकली, आता उघडून वाचा. आकडा किती आहे यापेक्षा तो कुठल्या दिवशी हलला, याला जास्त किंमत.

आणि बोलतंय कोण? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा ९७ टक्के ट्वीट फक्त २५ टक्के लोकांनी केलेले निघाले. बाकीचे वाचतात आणि गप्प बसतात. ज्याचा फोन मुकाट्याने नीट चालतो तो ‘आजही फोन नीट चालला’ असं लिहायला बसत नाही. ढीग मोठा आहे म्हणून तो सगळ्यांचा आहे असं नव्हे. हा धडा संगणकाच्या आधीपासूनचा आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त मतपत्रिका भरून आल्या होत्या, आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं सांगितलं. जिंकले रूझवेल्ट, तेही दणदणीत. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या नोंदींवरून, आणि मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी बाळगणारे लोक कोण होते हे सांगायला नको. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारेही मुळात वेगळेच.

यंत्राच्या वेगाचाही तोटा असतो. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं हॅक झालं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट होऊन ओबामा जखमी झाल्याची खोटी बातमी त्यावर पडली. अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत १४० हून जास्त अंकांनी कोसळला आणि बातमी खोटी निघाल्यावर तितक्याच झपाट्याने सावरला. मजकूर वाचून आपोआप सौदे करणाऱ्या प्रणालींकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. सूर त्यांनी अचूक ओळखला होता. फक्त बातमी खरी आहे का, हा प्रश्न त्यांच्या कामात नव्हता.

लोकांच्या परवानगीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येत नाही, पण एक उदाहरण सांगतोच. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकने ६,८९,००३ जणांच्या न्यूज फीडमध्ये फेरफार केले. कुणाला आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, कुणाला दुःखी, आणि मग ते स्वतः काय लिहितात हे मोजलं. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आल्यावर गदारोळ झाला. सापडलेला परिणाम अगदी नाममात्र होता, आणि मोजलं होतं शब्दांची गिनती करूनच. पण ओरड त्याबद्दल नव्हती. आपला मूड कुणीतरी आपल्या नकळत चाचपून पाहिला, याचा तो राग होता.

गेल्या काही वर्षांत दारंही मिटू लागली आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये मजकूर मिळवण्याची मोफत सोय काढून घेतली. फेसबुकवरचा सार्वजनिक मजकूर धुंडाळायला पत्रकार आणि संशोधक ज्यावर अवलंबून होते ते ‘क्राउडटँगल’ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. पैसे मोजणाऱ्या कंपन्यांचं काम चालूच आहे. त्यांचे आकडे बाहेरून पडताळून पाहणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली.

आता त्या बॅटरीवाल्याकडे परत येऊ. समजा मंगळवारी आलेख हलला, कुणीतरी तो उघडून वाचला, चूक सापडली आणि नवं अपडेट आलं. त्याने पुन्हा लिहिलं, “एकदाची टिकली बॅटरी. धन्यवाद.” शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमने ‘धन्यवाद’ पाहून त्याला पुन्हा खूश ग्राहकांत टाकलं. या खेपेला तो निम्मा तरी बरोबर आहे. उरलेला निम्मा त्या ‘एकदाची’त अडकलाय.